समोरची तीस वर्षं

आठव्या सकाळीही तेओदोराने माळावर पसरलेल्या बटाट्यांतला एक उचलून अंगठ्याने दाबला, आणि तो दबला.

दबायला नको होता. जून महिन्यात, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, चियारपाम्पाच्या माळावर रात्रभर उघडा पडलेला बटाटा सकाळी दगड झालेला असतो. दुसऱ्यावर आपटला की टक् असा वाजतो. हा नुसता ओला होता. नावडत्या पाहुण्याच्या हातासारखा गार आणि लिबलिबीत. तिने तो जागच्या जागी ठेवला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग हात घागऱ्याला पुसून आभाळाकडे पाहिलं. आभाळ धुऊन पुसून स्वच्छ झालं होतं. दिवसभर ते असंच राहणार आणि सूर्य कलला की पश्चिमेकडून ढग येऊन गोधडीसारखे माळावर पसरणार. वरून पांघरूण असल्यावर खाली हिव उतरणार कसं? यंदा ढगांनी हा नेम धरला होता. दिवसा यायला त्यांना कुणी बंदी केली नव्हती.

हा बटाटा कडू जातीचा. तसाच शिजवून खाल्ला तर पोट धरून बसावं लागतं. त्याला तीन रात्री कडाक्यात गोठवायचा, उन्हाने सुटला की अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं, मग आठ-दहा दिवस वाळवायचा. काळा, खडखडीत, सुपारीएवढा जो उरतो तो चुन्यो. कणगीत चुन्यो असला की घर चालतं. नसला की घरातला पुरुष चालू लागतो.

तिचा पुरुष चालू लागायच्या तयारीतच होता. रुफिनोने गाठोडं बांधून दाराशेजारच्या खुंटीला अडकवलं होतं. आत दोन सदरे, वस्तरा आणि लग्नातली तपकिरी घोंगडी. सान हुआनच्या सणापर्यंत हिव पडलं तर पडलं, नाहीतर तो सीमेपलीकडे ब्राझीलमध्ये, साओ पावलोला शिवणकामाच्या कारखान्यात जाणार होता. तेओदोराचा भाऊ सहा वर्षांपूर्वी तिकडेच गेला होता. त्याचे फोटो येत, आणि प्रत्येक फोटोत तो आधीच्यापेक्षा थोडा सुकलेला दिसे. बटाट्याच्या जागी जणू त्यालाच कुणी वाळवत होतं. सण पाच दिवसांवर आला होता.

"काय म्हणतायत बटाटे?" ती घरी आल्यावर रुफिनोने विचारलं. तो दोरखंड वळत बसला होता.

"मऊ आहेत. माझ्यासारखे."

"तू मऊ? मग मला लग्नात दुसरीच दाखवली होती."

भिंतीला टेकून उन्हात बसलेले ताता कासियानो, रुफिनोचे वडील, यावर हसले. ताता चौऱ्याऐंशी वर्षांचे. कान गेले होते, पण सोयीने. विनोद ऐकू येत, काम ऐकू येत नसे.

त्याच सकाळी ती पोरगी दारात येऊन उभी राहिली.

गावात ती गेला आठवडाभर होती. जीपमधून आली होती. विकास चियारपाम्पाला नवा नव्हता. साधारण दर चार वर्षांनी तो जीपमधून यायचा. एकदा संडास घेऊन आला. सिमेंटचे, पत्र्याच्या छपराचे. गावात तेवढी कोरडी जागा दुसरी नसल्यामुळे लोक त्यात बियाणं ठेवू लागले आणि तेव्हापासून बियाण्याला कीड लागली नाही. एकदा प्लास्टिकचं हरितगृह घेऊन आला. गारांनी ते फाडलं, पण उरलेल्या प्लास्टिकखाली आज अकरा घरच्या कोंबड्या कोरड्या राहत होत्या. एकदा मधमाश्या आल्या. त्या पहिल्याच थंडीत मेल्या. पेट्या मात्र मजबूत लाकडाच्या होत्या, शाळेत बसायला झाल्या. गावाने प्रत्येक वेळी मनापासून आभार मानले होते आणि त्यात खोटं काही नव्हतं. प्रत्येकाने काहीतरी उपयोगाचं मागे ठेवलं होतं. फक्त ते ज्यासाठी आणलं होतं त्यासाठी नव्हे.

या खेपेला विकासाने वस्तू आणली नव्हती. प्रश्न आणले होते. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेला जगाच्या विकासाचं पुढे काय होणार ते ठरवायचं होतं, आणि ते ठरवण्याआधी गरिबांना विचारावं अशी तिथे नवी रीत निघाली होती. चिठ्ठ्या टाकून वीस घरं निवडली होती. एकोणीस झाली होती. विसाव्या घराची बाई आठवडाभर चुकवत होती, कारण एका घराला तीन तास लागत आणि तिचे बटाटे मऊ पडले होते.

"दोन्या तेओदोरा," पोरगी बाईंना म्हणतात तसं अदबीने म्हणाली, "आज तरी?" तिचं नाव नोएलिया. एल आल्तो शहरातली, सव्वीसची, पँट आणि बूट घातलेली. आजी आयमारा बोलणारी होती म्हणे. नातीने ती भाषा आठ महिने संध्याकाळच्या वर्गात जाऊन शिकली होती. त्यामुळे तिची आयमारा इस्त्री केल्यासारखी होती. कुठे सुरकुती नाही, आणि म्हणूनच जरा परक्याची वाटायची.

"बस," तेओदोराने मेंढीचं कातडं पुढे सरकवलं. "मी सोलत सोलत सांगते."

नोएलियाने मांडीवर पाटीसारखं यंत्र घेतलं. "घराची जमीन कशाची आहे?"

"तू कशावर बसलीयस?"

"मातीची," नोएलियाने टिचकी मारली. "गेल्या सात दिवसांत मांस किती वेळा खाल्लं?"

"तू आमच्याकडे जेवायला आलीस त्या दिवशी."

"त्याआधी?"

"त्याआधी तू आली नव्हतीस."

रुफिनो दोरखंडात तोंड घालून हसला. असे तीस पानं भरून प्रश्न होते. कोंबड्या किती, त्यातल्या अंडी देणाऱ्या किती, आजारी पडल्यावर कुठे जाता, निर्णय कोण घेतं. या प्रश्नावर रुफिनो म्हणाला "मी", तेओदोरा म्हणाली "तो म्हणतोय तर लिही", आणि नोएलियाने बराच विचार करून "दोघं मिळून" वर टिचकी मारली. उन्हं चढली. तेओदोराच्या डोक्यात माळावरचे बटाटे कलंडत होते.

मग नोएलियाने घसा साफ केला. आवाज जरा खाली आणला. हा मुख्य प्रश्न होता. संस्थेचा सगळा पैसा याच प्रश्नासाठी होता आणि तो आयमारात तिने स्वतः आणला होता.

"समोरच्या तीस वर्षांकडे पाहा," ती म्हणाली. "काय दिसतं?"

आता, ज्या भाषेत ती बोलत होती त्या भाषेत डोळा आणि समोर यांना एकच शब्द आहे: नायरा. आणि काल, परवा, आजोबांच्या वेळी, यालाही तोच. कारण उघड आहे. जे होऊन गेलं ते पाहिलेलं असतं, म्हणून ते डोळ्यांसमोर. जे व्हायचंय ते पाठीमागून येतं. पाठीला डोळे नसतात. चियारपाम्पातलं शेंबडं पोरही उद्याबद्दल बोलताना खांद्यावरून अंगठा मागे दाखवतं. हे वर्गात शिकवत नाहीत. शिकवणाऱ्याला ते इतकं माहीत असतं, की शिकवायचं राहून जातं.

तेव्हा नोएलियाने विचारलं होतं भविष्य, आणि एकोणीस घरांनी तिला नम्रपणे, तपशिलात, मागची तीस वर्षं सांगितली होती.

विसाव्या घराची बाई विचारात पडली. समोरची तीस वर्षं म्हणजे लग्नापासूनची. "रुफिनो दिसतो," ती म्हणाली. "केस आहेत त्याला."

नोएलियाने तेही लिहिलं.

"तीसच का?" ताता भिंतीकडून म्हणाले. आज त्यांना ऐकू येत होतं. "माझ्या समोर पंचाहत्तर आहेत. घ्यायची तर नीट घे पोरी."

"सांगा ना, ताता," नोएलिया वळून बसली. तिचे डोळे चमकले. माणूस पंचाहत्तर वर्षं पुढचं बघतोय, असं तिच्या संस्थेत कुणाला भेटलं नसावं.

तातांनी कोकाची चार पानं गालात सरकवली आणि डोळे मिटले. म्हातारी माणसं पाहिलेलं सांगतात ते घडतं आहे तसं सांगतात. "जून आहे," ते म्हणाले. "ढग येतात. रोज संध्याकाळी येतात, यंदासारखे. हिव खाली उतरत नाही. बटाट्याला वास सुटतो. बायका रडत नाहीत, पण एकमेकींशी बोलत पण नाहीत. मग एक दिवस सगळे लामांवर पोती लादतात आणि वर थायापाताला जातात. ढग खाली राहतात. लोक ढगाच्या वर जातात. तिथं जनावरं कोंडायचे दगडाचे गोल वाडगे आहेत, मधे गवताची सपाटी. सकाळी बटाटे वाजतात." त्यांनी डोळे उघडले. "माझ्या पायाला भेगा पडल्यात. आई त्यात चरबी भरते."

नोएलिया भराभर लिहीत होती. तापणाऱ्या जगाचं भविष्य तिला एका भिंतीपाशी अख्खं सापडलं होतं.

तेओदोराच्या हातातला सुरा मात्र थांबला होता. तिला या सगळ्यात एकच शब्द ऐकू आला होता. "ताता," ती म्हणाली, "थायापाता कुठाय?"

"वर. झऱ्याच्या वरती. लामा असले तर अर्धा दिवस."

"आठ दिवस मी बटाटे दाबतेय. तुम्ही रोज बघताय. बोलला नाहीत कधी?"

"कुणी विचारलं?" ताता म्हणाले. "या पोरीने विचारलं."

*

हिलाकाता म्हणजे यंदाचा गावप्रमुख. तो मान दरवर्षी घरोघर फिरतो आणि यंदा सेवेरोच्या घरी आला होता. सेवेरो अंगणात मातीच्या विटा थापत होता. तेओदोराने मान लववली, कोकाची पानं पुढे केली आणि विचारलं.

"थायापाता?" सेवेरो म्हणाला. "तिथं वाऱ्याशिवाय कुणी राहत नाही."

"मग वाऱ्याची परवानगी घेऊ का?"

"तसं नव्हे. जागा गावाची आहे, जा की. पण म्हाताऱ्याच्या सांगण्यावर? त्यांना काल मी कोण ते आठवत नव्हतं."

"ते सोयीने."

सेवेरोची बायको पेत्रोना दारात येऊन उभी होती. "वास सुटलाय म्हणे तुमच्या बटाट्यांना," ती म्हणाली. "का तो सासऱ्यांचा?"

पेत्रोनाचेही बटाटे माळावरच होते, तितकेच मऊ. पण लामा त्यांच्याकडे चौदा होते आणि तेओदोराकडे सहा. ज्याला मागायचं आहे त्याने ऐकून घ्यायचं असतं. "दोघांचा मिळून असेल," ती म्हणाली. "पाच लामा हवेत. सावडीने. रुफिनो दोन दिवस तुमच्या विटा थापेल."

"तो राहणार आहे का दोन दिवस? गाठोडं तर खुंटीला आहे म्हणतात."

खरं म्हणजे तेओदोरालाही तेच विचारायचं होतं, फक्त कुणाला विचारायचं ते ठरत नव्हतं. सेवेरोने मातीचे हात झटकले आणि लामा सोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाले. अकरा लामा, दोन्ही बाजूंना पोती. लामा शहाणं जनावर आहे. ओझं त्याच्या मापात असेल तर ते डोंगर चढतं, आणि एक बटाटा जास्त झाला की बसतं. मग त्याला कुठलीही संस्था उठवू शकत नाही. ताता गाढवावर बसले होते. कोणी नको म्हणायच्या आत ते चढून बसले होते. आणि सगळ्यात मागे नोएलिया, पाठीवर आग्वायोच्या, म्हणजे विणलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या फडक्याच्या, झोळीत बटाटे. जीप तिची तोवरची सगळी उत्तरं घेऊन शहराला गेली होती, चार दिवसांनी येणार होती, आणि तेओदोराची शेवटची दहा पानं राहिली होती.

चढण उभी होती. मऊ पडलेला बटाटा पोत्यात एकमेकाला दाबतो, पाणी सोडतो. लामांची लोकर भिजून कुबट वास येत होता. तेओदोराच्या पाठीवरच्या ओझ्यातूनही पाणी झिरपून कमरेपर्यंत आलं होतं. दर वळणावर ती झोळी सावरायची, श्वास घ्यायची.

"गेल्या सात दिवसांत," मागून नोएलिया धापा टाकत म्हणाली, "किती वेळा हताश वाटलं?"

"ही चढण धरून का सोडून?"

"सोडून."

"मग वरती पोचल्यावर विचार."

दुपारी ते संध्याकाळचे ढग जिथे थांबतात त्या पट्ट्याच्या वर आले. झऱ्याच्या वरती खरंच सपाटी होती. दगडाचे गोल वाडगे होते, अर्धे ढासळलेले, गवतात बुडालेले. ताता गाढवावरून उतरले, काठी टेकत एका वाडग्यापाशी गेले आणि एका दगडाला पाय लावून म्हणाले, "हा हलतो. तेव्हाही हलायचा." दगड हलला.

रुफिनो बापाकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढून ठेवली आणि दगड उचलायला लागला. संध्याकाळपर्यंत त्यांनी सपाटी साफ केली, वाळलेलं गवत अंथरलं, बटाटे एकेक करून पसरले. एकावर एक नाही, शेजारी शेजारी. खाली चियारपाम्पावर ढगाची गोधडी पसरत होती. पहिल्यांदाच त्यांना तिची वरची बाजू दिसत होती.

सकाळी तेओदोरा सगळ्यांच्या आधी उठली. गवत पायाखाली मोडत होतं. तिने एक बटाटा उचलला. अंगठ्याने दाबला नाही; धीर झाला नाही. दुसरा उचलला आणि पहिल्यावर आपटला.

टक्.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग पुन्हा आपटला, गरज नव्हती तरी. वाडग्याच्या आतून ताता ओरडले, "ऐकू आलं." हे त्यांनी न विचारता सांगितलं, म्हणजे खरंच आलं असावं.

*

दुसऱ्या दिवशी खालून गावाला त्यांचा धूर दिसला असावा, कारण तिसऱ्या दिवशी गाव वर आलं. सेवेरो, पेत्रोना आणि बाकीची घरं, तीस-चाळीस लामा. पेत्रोना सगळ्यांत शेवटी होती. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं चीज होतं. ते तिने तेओदोरासमोर ठेवलं आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय." माफी मागायची तिच्या घरची हीच रीत होती. तेओदोराने तुकडा मोडून तोंडात घातला. मीठ बरोबर होतं.

आदल्या दुपारी रुफिनो सगळे लामा घेऊन खाली गेला होता. उरलेले बटाटे आणतो म्हणाला होता. आज गुरुवार होता. गुरुवारी फाट्यावरून शहराची बस जाते, आणि सान हुआन शुक्रवारी होता. तेओदोराने यातलं काही बोलून दाखवलं नव्हतं. गाव वर आलं तेव्हा तिने फक्त माणसं नजरेने मोजली होती. रुफिनो त्यांत नव्हता.

"आमच्या घरावरून आलात?" तिने पेत्रोनाला सहज विचारावं तसं विचारलं.

"हो. दार लावलेलं होतं," पेत्रोना म्हणाली. आणि मग, चीज देतानापेक्षाही हळू आवाजात, "खुंटी काही दिसली नाही बाहेरून."

उन्हाने पहिले बटाटे सुटले होते. तेओदोराने त्यांचे लहान लहान ढीग केले, घागरा खोचला आणि पायाने तुडवायला सुरुवात केली. बर्फासारखं पाणी बोटांच्या फटींतून उडतं, सालं टाचेखाली सरकतात. आधी पाय दुखतो, मग आपला वाटेनासा होतो. टाचेने दाबायचं, चवड्याने फिरवायचं. नोएलियानेही बूट काढले. शेजारच्या ढिगावर ती नाचल्यासारखी पाय टाकत होती.

"नाचू नकोस, दाब," ताता म्हणाले. ते गाढवाच्या खोगिरावर बसून देखरेख करत होते. "पाणी जाऊ दे, हाड राहू दे."

"असंच तुडवताना दिसतात का लोक, ताता? तुमच्या त्या वर्षी?"

"असंच. माझी आई तू आहेस तिथंच आहे."

नोएलियाचा पाय मंदावला. "तुमची आई?"

"मग कुणाची?"

"ताता, ते वर्ष... तेव्हा तुम्ही किती वर्षांचे आहात?"

"नऊ."

"म्हणजे ते होऊन गेलंय."

"होऊन गेलं नसतं तर दिसलं कसं असतं?" ताता म्हणाले. "तू समोरचं विचारलंस. व्हायचं आहे ते पाठीमागे असतं पोरी. ते कोण सांगणार?" आणि त्यांनी खांद्यावरून अंगठा मागे दाखवला.

नोएलिया बटाट्यांत मांडी घालून खाली बसली. थायापाताला मोबाइलला रेघा येत. सकाळीच तिला परदेशातून तिच्या संस्थेतल्या डॉक्टर आल्ब्रेख्तचा निरोप आला होता आणि तिने तो सगळ्यांना आनंदाने वाचून दाखवला होता. वीसही घरांची उत्तरं पोचली. भविष्याची इतकी स्पष्ट दृष्टी आजवर जगात कुठल्याही समाजात आढळलेली नाही. लोक तारखा, जनावरांची नावं आणि मृतांची संख्यादेखील सांगतात. हे प्रारूप इतर देशांत नेता येईल का ते कळवावे.

"वीसच्या वीस," नोएलिया म्हणाली. "सगळ्यांनी मला मागचं सांगितलं. सेवेरोंनी सांगितलं पूर येणार, दोन गाई वाहून जाणार. मी त्याचा तक्ता केला."

"गेल्या की दोन," सेवेरो लांबून म्हणाला. "एक गाभण होती."

कुणीतरी हसलं आणि मग सगळी सपाटी हसली. पेत्रोना तर ढिगावरून घसरली. नोएलिया हसली नाही. तिचे पाय लाल झाले होते आणि नाकही.

तेओदोरा तिच्यापाशी गेली. "नोकरी जाईल?"

"मी कळवलं तर जाईल. नाही कळवलं तर राहील आणि ते हे सगळं दुसऱ्या देशांत नेतील."

तेओदोराने विचार केला. बाईमाणसाला खोटा धीर देऊ नये, एवढं तिला कळत होतं. "हे बघ," ती म्हणाली, "तू बरोबर विचारलं असतंस, की पाठीमागून काय येतंय, तर मी म्हणाले असते कोण जाणे. ताता म्हणाले असते कोण जाणे. तू यंत्र बंद करून गेली असतीस आणि आम्ही खाली बटाट्यांचा वास घेत बसलो असतो. आजवर संडास देणारे आले, माश्या देणारे आले. म्हाताऱ्याला काय दिसतं ते कुणी विचारलं नाही. आम्ही घरातल्यांनीही नाही. तू विचारलंस. चुकून का होईना." तिने तिला काखेत हात घालून उठवलं. "यंदाचा चुन्यो तुझ्या चुकीचा आहे. तुझे आमच्यावर फार मोठे उपकार आहेत."

"पण उत्तरं चुकली."

"मग दुरुस्त कर. वीसही घरं इथंच आहेत. पाय थांबवू नकोस, विचार."

नोएलियाने नाक पुसलं, खिशातून यंत्र काढलं, आणि तुडवत तुडवत ढिगावरून ढिगावर जाऊन तिने नवा प्रश्न विचारला: पाठीमागून काय येतंय? सेवेरो म्हणाला, कोण जाणे. पेत्रोना म्हणाली, कोण जाणे, पण माझी सून येणार असं ऐकते. तिसरं घर म्हणालं, कोण जाणे. चौथं म्हणालं, देवाला ठाऊक, आणि जरा थांबून, त्याला तरी ठाऊक आहे का. ताता म्हणाले, मी येणार नाही, तेवढं नक्की. आणि खुशीत हसले. ज्या कामाला साठ तास लागले होते ते अर्ध्या तासात एकोणीस घरांचं संपलं. संस्थेच्या दृष्टीने त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. नोएलियाने शब्द न् शब्द लिहिला.

मग ती तेओदोरासमोर आली. "दोन्या तेओदोरा. पाठीमागून काय येतंय?"

तेओदोराच्या तोंडात उत्तर तयार होतं. तेच, जे सगळ्यांचं होतं. सकाळपासून तिने वाटेकडे पाठ करून तुडवलं होतं. गावाकडची वाट तिच्या पाठीमागे होती आणि तिने एकदाही मान वळवली नव्हती. वळवली नाही तोवर ती वाट रिकामी आहे असं कुणी म्हणू शकत नव्हतं. बस दुपारीच जाते. एव्हाना गेली असणार.

पण पोरीने विचारलं होतं. मघाशी हिचे एवढे आभार मानले, आता हिला खोटं कसं सांगायचं. तेओदोराचे पाय थांबले. तिने खांद्यावरून मागे पाहिलं.

झऱ्याच्या वळणावर लामांचे कान दिसले. मग माना, मग पोती. एक बसकण मारून बसलं होतं. त्याच्या पाठीवरून एकेक बटाटा काढून स्वतःच्या खिशात घालत, त्याला शिव्या देत कुणीतरी उभं होतं. खांद्यावर तपकिरी घोंगडी होती. खुंटीच्या गाठोड्यात बांधलेली. गाठोडं सोडल्याशिवाय ती निघत नाही. गाठी तेओदोराने स्वतः मारल्या होत्या, सोडायला अवघड अशा.

जनावर उठलं.

तेओदोरा वळली आणि पुन्हा टाच रोवली. पाणी उडालं. नोएलिया अजून बोट यंत्रावर धरून उभी होती.

"रुफिनो येतोय," तेओदोरा म्हणाली. "लिही."